आमच्या मुलीच्या बुटांचा सोल झिजलाच नाही

प्रति,
माननीय सर,
(पी.टी.चा तास आपल्या तासाला जोडून घेणारे)
वसई तालुक्यातील एक शाळा.

विषय: येत्या जूनपासून पी.टी.चा तास मुलांना मिळण्याबाबत.

महोदय,

तुमचं नाव मी लिहीत नाही, शाळेचंही लिहीत नाही. माझी मुलगी अजून तुमच्याच हाताखाली शिकते आहे, हे त्याचं पहिलं कारण. दुसरं असं की हे पत्र वाचून नायगावपासून विरारपर्यंत बऱ्याच शिक्षकांना ते आपल्यालाच लिहिलं आहे असं वाटेल. तसं वाटलं तर ते खरंच त्यांना लिहिलेलं आहे.

सुट्टी लागल्यावर मी मुलीचे पी.टी.चे पांढरे कॅनव्हासचे बूट मागच्या चाळीतल्या एका मुलीला दिले. आमचीचा पाय वाढला, बूट लहान झाले. त्या मुलीच्या आईने बूट हातात घेतले, उलटे केले आणि अंगठा सोलवरून फिरवला. सोलवरची नक्षी दुकानातून आणली तेव्हा होती तशीच होती. खाचांमध्ये मातीचा कण नव्हता. "ताई, हे तर वापरलेलेच नाहीत," ती म्हणाली.

वापरले होते, सर. वर्षभर दर बुधवारी आणि शनिवारी ते शाळेत गेले. मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री कामावरून आल्यावर मी त्यांना पांढरं पॉलिश लावायची आणि पंख्याखाली वाळत ठेवायची, कारण बूट मळके असले तर प्रार्थनेच्या वेळी मुलींना रांगेतून बाहेर काढतात. ते स्वच्छ बूट शाळेत जाऊन बाकाखाली बसायचे आणि तसेच स्वच्छ घरी यायचे. वर तुम्ही फळ्यावर गणितं सोडवत असायचात.

मागच्या जूनमध्ये मुलीने कालनिर्णयच्या पानांवर एक काम सुरू केलं. ज्या दिवशी पी.टी.चा तास खरोखर झाला, त्या तारखेभोवती ती निळ्या पेनने गोल करायची. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वेळापत्रकाप्रमाणे ३५ तास व्हायला हवे होते. गोल झाले ७. त्यातले ३ तास १५ ऑगस्टच्या संचलनासाठी रांगा लावण्यात गेले. तुम्ही अपूर्णांक शिकवता, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते: ३५पैकी ७, संक्षिप्त रूप एक पंचमांश. उरलेले चार पंचमांश तुमच्याकडे आहेत. दिवाळीनंतर तिने गोल करणं सोडून दिलं. मी विचारलं तर म्हणाली, "आई, आता नाही होत तो तास." बारा वर्षांच्या मुलीने एखाद्या गोष्टीची आशा सोडली की ती किती साध्या आवाजात बोलते, हे मला त्या दिवशी कळलं.

तुमचं कारण ठरलेलं आहे: पोर्शन राहिलाय. चाचणीच्या आधी पोर्शन राहिलेला असतो, चाचणीनंतर पेपर सोडवून दाखवायचे असतात, पावसात मैदान ओलं असतं आणि उन्हात मुलं काळी पडतात. पण इंग्रजीच्या बाईंचा तास तुम्ही कधी मागितला नाहीत. विज्ञानाचाही नाही. दर वेळी हात पडला तो पी.टी.च्याच तासावर, कारण त्या तासासाठी भांडणारं कुणी नाही. पी.टी.चे सर गळ्यात शिट्टी अडकवून फाटकाशी उभे राहतात, नखं आणि केस तपासतात, उशिरा येणाऱ्यांची नावं लिहितात. तुम्ही वर्गाच्या दारात येऊन "सर, आजचा तास मी घेतो" म्हणालात की ते मान हलवतात. बळी तो कान पिळी. यात बळी तुम्ही, आणि कान पस्तीस मुलींचे आणि तीस मुलांचे.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत आणि त्या खोट्या नाहीत. वर्गात पासष्ट मुलं आहेत. निवडणूक आली की तुम्हाला कामाला जुंपतात, ऑनलाइन माहिती भरायची म्हणजे रात्री बारा वाजतात, आणि निकाल खाली आला तर संस्था तुम्हालाच विचारते. पालकसभेत आम्ही सगळे गुणांबद्दल विचारतो. पी.टी.बद्दल विचारायला वर झालेला हात मी आजवर पाहिला नाही, माझाही वर झाला नव्हता. ती माझी चूक आहे आणि मी ती या पत्राने सुधारते आहे. पण अडचण तुमची आणि वसुली मुलांकडून, हा हिशेब मला मान्य नाही.

ही मुलं राहतात कुठे, ते एकदा बघा. नालासोपारा पूर्वेला आमची इमारत चार मजल्यांची. शेजारच्या इमारतीच्या खिडकीतून आमच्या स्वयंपाकघरातला कुकर मोजता येतो. खाली जी जागा आहे तिथे मोटरसायकली लागतात, पाण्याचे टँकर उभे राहतात आणि जिन्याजवळ पाटी आहे: येथे खेळण्यास सक्त मनाई आहे. २०११च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर होती. त्यानंतर किती इमारती उठल्या, ते स्टेशनला उतरणाऱ्या कुणालाही डोळ्यांनी दिसतं. मी लहानपणी निर्मळला मामाकडे राहायचे, तेव्हा वाडीत केळीच्या आळ्यांमधून पळायला जागा होती, तळ्याच्या काठाने लंगडी खेळायला जागा होती. माझ्या मुलीच्या वाट्याला उघडं आकाश म्हणावं अशी एकच जागा आली आहे, ती शाळेचं मैदान. ते आठवड्यातून दोनदा, पस्तीस मिनिटांसाठी तिचं आहे. तेवढंच तुम्ही घेतलंत.

मुलीचं म्हणून आणखी एक सांगते. आमच्या गल्लीत संध्याकाळी क्रिकेट चालतं. खेळणारे सगळे मुलगे. सातवीत गेली की मुलगी खाली उतरत नाही. लोक बघतात, आजी हाक मारते, धाकट्याला सांभाळायचं असतं, पाळी सुरू झालेली असते. तिला कुणी थांबवत नाही, ती आपणहून थांबते. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या मुलांची माहिती तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा ७८ टक्के मुलगे आणि ८५ टक्के मुली पुरेशी हालचाल करत नसल्याचं दिसलं. पुरेशी म्हणजे किती? रोज किमान ६० मिनिटं, मध्यम ते जोरदार. मुलग्याचा तास तुम्ही घेतला तर तो संध्याकाळी गल्लीत थोडाफार भरून काढतो. मुलीचा घेतला तर तो गेलाच.

याचा परिणाम मी गेल्या नवरात्रात विरारच्या जीवदानी देवीच्या डोंगरावर पाहिला. हजारावर पायऱ्या. माझ्या सासूबाई पासष्टीच्या, आयुष्यभर शेतात राबलेल्या. त्या एका लयीत चढत होत्या. मुलगी निम्म्या वाटेच्या आधीच कठड्याला टेकली. चेहरा लाल, ओठ कोरडे, छाती भात्यासारखी. सासूबाई वरच्या वळणावर पदराने वारा घेत नातीची वाट बघत बसल्या. डॉक्टरांनी नंतर तपासलं, आजार काही नाही. "सवय नाही," एवढंच ते म्हणाले. सर, त्या दोन शब्दांत तुमचा वाटा आहे.

आता ज्या गोष्टीने मला हे पत्र लिहायला बसवलं, ती सांगते. तुम्ही मुलांकडून व्यायाम काढून घेता, आणि परत देता तो शिक्षा म्हणून. गृहपाठ नाही केला, वीस उठाबशा. वर्गात बोललास, मैदानाला तीन चकरा. वही विसरलीस, अंगठे धरून उभी राहा. वर्षभरात माझ्या मुलीने शाळेत जेवढा व्यायाम खेळ म्हणून केला, त्याहून जास्त शिक्षा म्हणून केला. मैदानावर धावणं म्हणजे काहीतरी चुकलं, हे तुम्ही तिला शिकवलंत. पोर्शनमध्ये नसलेला हा एकच धडा मुलांनी न विसरता पाठ केला आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याच वसईत सहावीतल्या एका मुलीचा मृत्यू झाला. शाळेत उशिरा आल्याबद्दल तिला शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला, आणि त्यानंतर आठवडाभरात ती गेली. उठाबशा काढताना दप्तर तिच्या पाठीवरच होतं, असंही सांगण्यात आलं. मृत्यूचं कारण आणि दोष ठरवणं हे पोलिसांचं आणि न्यायालयाचं काम आहे, त्यात मी शिरत नाही. पण त्या आठवड्यात आमच्या इमारतीतल्या प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारला गेला: तुला कधी काढायला लावल्या का गं? आणि प्रत्येक घरातल्या मुलाने आकडा सांगितला. कुणी वीस, कुणी पन्नास. माझ्या मुलीने तीस सांगितला, तुमच्या तासाला, कंपासपेटी विसरली म्हणून. तिने घरी सांगितलं नव्हतं, कारण तिच्या लेखी ते सांगण्यासारखं काही नव्हतंच.

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९चा आहे. त्याचं १७वं कलम मुलांना शारीरिक शिक्षा देणं आणि त्यांचा मानसिक छळ करणं या दोन्हींना बंदी घालतं. त्याच कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला खेळाचं मैदान असावं, खेळाचं साहित्य असावं, आणि सहावी ते आठवीत शंभरहून जास्त मुलं असतील तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षक असावा, असं लिहिलं आहे. तास आणि मैदान हे मुलांचे हक्क आहेत आणि उठाबशांच्या शिक्षेला कायद्याने बंदी आहे. तुमच्या वर्गात हे बरोबर उलटं झालं आहे.

तुम्ही म्हणाल, खेळून कुणाचं पोट भरतं? मला खेळाडू नको आहे, सर. विरारचा पृथ्वी शॉ लहानपणी वडिलांबरोबर लोकलने वांद्र्याला सरावाला जायचा, आणि २०१३ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेत त्याने ५४६ धावा केल्या. पालघरचा क्रिकेटपटू शार्दूल ठाकूर किट खांद्यावर टाकून त्याच रेल्वेमार्गाने मुंबईला यायचा. त्यांच्यासाठी रेल्वेलाइन होती, प्रशिक्षक होते, आईबापांची जिद्द होती. तसं मूल शंभरात एखादं, त्याची वाट ते काढतं. मी उरलेल्या नव्व्याण्णवांबद्दल बोलते आहे. त्यांना पदक नको, जिना चढताना धाप लागू नये एवढंच हवं.

आणि तुमच्या गणितालाही याचा तोटा नाही, फायदाच आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या चार्ल्स हिलमन आणि सहकाऱ्यांनी ९-१० वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका दिवशी मुलांना शांत बसवलं, दुसऱ्या दिवशी २० मिनिटं चालवलं. चालल्यानंतर लक्ष टिकवण्याच्या आणि वाचून समजण्याच्या चाचणीत त्यांनी जास्त चांगलं केलं. तैवानने २०१०पासून शाळांतल्या मुलांना दिवसाला १२० मिनिटं बाहेर उजेडात ठेवण्याची मोहीम घेतली, कारण मुलांच्या डोळ्यांचे नंबर वाढत होते. त्यानंतर वर्षानुवर्षं चढत चाललेलं दृष्टिदोषाचं प्रमाण खाली वळलं. तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावरच्या किती मुलांना फळा दिसत नाही, ते मोजा. माझी मुलगी त्यातली एक आहे. तिला पाचवीत चष्मा लागला.

१५ जानेवारीला खाशाबा जाधवांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून असतो. या वर्षी आमच्या शाळेत वर्गात त्यांच्या फोटोला हार घातला, एका मुलाने भाषण केलं, टाळ्या झाल्या. त्या आठवड्यात पी.टी.चा एकही तास झाला नाही. खाशाबांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. तिथे जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. एका शिक्षकाने विद्यार्थ्याच्या खेळासाठी घर गहाण टाकलं. तुमच्याकडे मी पस्तीस मिनिटं मागते आहे, आणि तीही तुमची नाहीत.

म्हणून माझ्या मागण्या लिहिते. यातल्या एकीलाही पैसा लागत नाही.

पहिली, वेळापत्रकातला पी.टी.चा तास कुणीही कुणाला देणार नाही. पोर्शन राहिला तर गणिताच्याच तासात भरून काढा. नाही जमलं तर पालकांना तसं सांगा, आम्ही सकाळी अर्धा तास लवकर पाठवू. पण खेळातून कापून नाही.

दुसरी, व्यायाम शिक्षा म्हणून कधीच नाही. उठाबशा नाहीत, चकरा नाहीत, अंगठे धरणं नाही. उशिरा आलेल्या मुलाला उशीर का झाला ते विचारा. वसई रोड स्टेशनबाहेर रिक्षा किती वेळ अडकतात, ते तुम्हीही जाणता.

तिसरी, रोज पंधरा मिनिटं सगळी शाळा चालेल किंवा धावेल, आहे त्या गणवेशात, आहे त्या बुटांत. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग शहरातल्या एका प्राथमिक शाळेत इलेन वायली या मुख्याध्यापिकेने २०१२ मध्ये एवढंच सुरू केलं होतं. साहित्य नाही, स्पर्धा नाही, कपडे बदलणं नाही. तो उपक्रम पुढे जगभरच्या शाळांनी उचलला. तिथला पाऊस काही आपल्यापेक्षा प्रेमळ नाही.

चौथी, मैदान छोटं आहे असं सांगू नका. खो-खोच्या मैदानाला २७ मीटर लांबी आणि १६ मीटर रुंदी पुरते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची. लंगडीला तर त्याहून कमी जागा लागते आणि साहित्य म्हणजे स्वतःचा एक पाय. आमच्या आयांनी हेच खेळ अंगणात खेळले आहेत. मुलींना शिकवायला आम्हीही येऊ.

पाचवी, पी.टी.च्या सरांना फाटकावरून उठवा आणि मैदानावर उभं करा. त्यांच्या शिट्टीचा आवाज वर्षातून दोनदा, १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला येतो. तो रोज आला पाहिजे.

डिसेंबरात आपल्याकडे वसई-विरार मॅरेथॉन होते; २०११ मध्ये ती सुरू झाली. विरारहून ४२ किलोमीटरवाले निघतात, वसईहून २१ किलोमीटरवाले. मागच्या खेपेला शाळेने मुलांना रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवायला उभं केलं होतं. माझी मुलगी पहाटेपासून उभी होती. घरी आल्यावर तिने सांगितलं, एक पांढऱ्या केसांच्या बाई तिच्यासमोर थांबल्या, पाणी प्यायल्या, "चल येतेस?" म्हणाल्या आणि पुढे पळाल्या. मुलीचे पाय निघाले होते, पण तिला रांगेत राहायला सांगितलं होतं. हे तिने मला तीन वेळा सांगितलं.

जून महिन्यात शाळा उघडेल. मी नवे पांढरे बूट घेणार आहे, एक नंबर मोठे. पहिल्या आठवड्यात पाऊस असेल आणि मैदानात घोट्याएवढं पाणी असेल, तेव्हा पहिला बहाणा तयारच आहे. पण तळमजल्यावर लांब व्हरांडा आहे. तिथे दोन रांगांत लंगडी होते, दोरीवरच्या उड्या होतात, सूर्यनमस्कार होतात. त्या दिवशी दारात पी.टी.चे सर उभे असतील. तुम्ही खडू खाली ठेवा आणि मुलांना बाकांवरून उठू द्या.

आपली,
सातवीतून आठवीत गेलेल्या एका मुलीची आई,
नालासोपारा (पूर्व)